बर्फासाठी घरटी एक माणूस

पोपटी लावायची तर अंगात हुडहुडी भरलेली असावी, हे माझं ठाम मत आहे. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, उपडं घातलेलं मडकं, भोवती पेटवलेला जाळ आणि त्या जाळाजवळ सरकण्यासाठी चाललेली ढकलाढकली. यातली शेवटची गोष्ट नसेल तर उरतात त्या नुसत्या उकडलेल्या शेंगा. यंदा माघात आम्ही पोपटी लावली, तेव्हा माणसं जाळापासून लांब खुर्च्या मांडून बसली होती आणि एकाने तर घरातून टेबलफॅन बाहेर आणला. मी घरी येऊन बराच वेळ कुरकुरलो. शेवटी बायको वैतागली. म्हणाली, "एवढी थंडीची हौस असेल तर परत जा त्या तुमच्या डोंगरावर."

त्या डोंगरावर तरी कुठे होती थंडी? पण बायकोने नाव काढलं आणि तो हिवाळा जो डोक्यात शिरला तो गेलाच नाही. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, डोक्यावर पंखा गरगरत असताना मला देवदाराचा वास येऊ लागला.

मी फिटर. रोह्याजवळच्या कारखान्यांतल्या मोटरी, कप्प्या आणि पट्टे सांभाळण्यात माझी उमर गेली. दहा-बारा वर्षांपूर्वी मी ज्या ठेकेदाराकडे होतो, त्याला उत्तरेतल्या एका डोंगरावरच्या सरकारी स्की केंद्राचं काम मिळालं. केंद्राचं नाव सांगत नाही, ते का ते पुढे कळेल. स्की म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधायच्या आणि बर्फावरून घसरत खाली यायचं. खाली येणं सोपं, पण परत वर जायचं कसं? त्यासाठी उतारावर लोखंडी दोर फिरता ठेवतात, खाली मोटर, वर चाक. माणूस दोराला धरतो आणि ओढला जातो. दोर आला की फिटर आला. असा खाडीकाठच्या खारेपाटातला माणूस, ज्याने जन्मात स्वेटर विकत घेतला नव्हता, तो त्या हिवाळ्यात दोन स्वेटर आणि एक कानटोपी घेऊन डोंगरावर पोहोचला.

पहिला बर्फ पाहिला तो ऑफिसच्या मागच्या सावलीत, कोपऱ्यात साचलेला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि चिमूटभर उचलून जिभेला लावला. आमचे बाबा मिठागरात कामाला होते. मार्च-एप्रिलात वाफ्यांच्या कडेला मिठाचे ढीग लागायचे, आणि आम्ही पोरं जाता-येता जिभेवर चिमूट टाकायचो. पांढरं दिसलं की जिभेला लावायचं, ही खोड अंगातच मुरलेली. जिभेला खारट लागेना तेव्हा मला चक्क फसवल्यासारखं वाटलं. मागे केंद्राचे मॅनेजर नेगीसाहेब उभे होते. ते एवढंच म्हणाले, "पोटभर खाऊ नका, एवढाच आहे."

ते थट्टा करत नव्हते. खरंच तेवढाच होता. बाकी उतार आमच्या मे महिन्यातल्या माळासारखा पिवळा पडलेला. मी मोटर उघडली, साफ केली, दोराला तेल पाजलं, चाकं फिरवून पाहिली. सगळं तयार होतं आणि घसरायला काही नव्हतं. नेगीसाहेब रोज सकाळी खिडकी उघडून आकाशाकडे बघायचे. बघण्याची ती पद्धत मी ओळखत होतो. मिठाच्या हंगामात अवेळी ढग आले की बाबा असेच दारात उभे राहायचे. त्यांना ढग नको असायचे, नेगीसाहेबांना हवे होते, एवढाच काय तो फरक.

पोपटीनंतर दोन दिवसांनी बायचा फोन आला. बाय म्हणजे माझी थोरली बहीण, यमुना. ती आमच्या मूळ गावातच दिली आहे, वडखळच्या पलीकडे, खाडीच्या काठाला. फोनवर ती ख्यालीखुशाली विचारत नाही. "जनू, बांधाला खांड पडली," ती म्हणाली. "चिंबोऱ्यांनी बिळा पाडली व्हती, तितनं पानी आत आला. पुनवेचा उधाण चार दिसावर हाय. पोरा कोन ऐकत नाय. तू ये."

ज्याला खारेपाट ठाऊक नाही त्याला सांगायला हवं. आमच्याकडे एका बाजूला भातशेती आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये फक्त मातीचा बांध. भरतीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं. बांध फुटला, म्हणजे खांड पडली, की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही. बायची सगळी शेती त्या खांडीच्या समोर आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पूर्वी या बांधाची एक रीत होती. गावात ज्याचं घर, त्याचा बांधात वाटा. खांड पडली की आरोळी उठायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन बाहेर. घरात बाप्या नसेल तर बाई यायची. आमच्या लहानपणी एक नवरदेव हळदीच्या अंगानेच चिखलात उतरला होता आणि वर्षभर त्याला सगळे 'चिखलनवरा' म्हणत. या रीतीला आम्ही जोळ म्हणतो. जोळीत कुणी कुणाला बोलावत नाही आणि कुणी कुणाचे आभार मानत नाही. पुढे बांध सरकारने आपल्याकडे घेतले. खोटं कशाला बोलू, तेव्हा आम्हाला हायसंच वाटलं. फावडी पडवीत गेली, पोरं कंपन्यांत गेली, मीही गेलो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सहा महिने थांबायला तेव्हा सगळ्यांकडे वेळ होता. उधाण बांधाच्या निम्म्याला यायचं. आता ते बांधाच्या माथ्याशी बोलतं.

मी पिशवीत दोन जुने शर्ट कोंबले आणि एसटी पकडली. नागोठणं मागे पडलं तरी मन डोंगरावरच होतं.

तिथे शेवटी एकदा बर्फ पडला. एकच रात्र, पण बऱ्यापैकी. सकाळी उठून पाहतो तर वरचा उतार पांढरा, खालचा उतार पांढरा, आणि मध्ये तीस-चाळीस पावलांचा पट्टा उघडाबोडका. तिथे उतार उन्हाच्या बाजूला वळलेला होता आणि खालून झऱ्याचं पाणी पाझरत होतं. बर्फ टिकत नव्हता. वरून घसरत आलेला माणूस तिथे दगडांवर आपटला असता. मी पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, "खांड पडली."

त्याच आठवड्यात विभागाचं पत्र आलं होतं. तपासणी समिती येणार होती. उतार वरपासून खालपर्यंत सलग असेल तर हंगाम सुरू करायचा. नसेल तर यंत्र उतरवून आणखी उंचावरच्या नव्या केंद्राकडे न्यायचं. सरकारच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. बर्फ वर सरकला, तर यंत्रही वर सरकवा. फक्त उताराखाली बेचाळीस घरांचं एक गाव होतं, आणि ते वर सरकणार नव्हतं.

त्या गावच्या प्रधान बिमलाजी ऑफिसात आल्या. पन्नाशीची बाई, डोक्याला रुमाल, आणि बसायला खुर्ची दिली तरी उभी राहून बोलणारी. हिवाळ्याचे दोन महिने गावातली माणसं केंद्रावर शिकवायची, चहा विकायची, पाहुणे ठेवायची. त्या म्हणाल्या, "मशीन गेलं तर आमची पोरं खाली शहरात हॉटेलांत जातील. गेलेली परत येत नाहीत. देवदारांच्या मागच्या घळीत मांडीएवढा बर्फ पडून आहे, साहेब. तो इथे आणा."

नेगीसाहेबांनी कपाळावर हात मारला. "आणू कसा? बर्फ वाहायला माणसं लावण्याची मंजुरी कुठल्या कलमात मागू? तसं कलमच नाही."

मी कोपऱ्यात पकड पुसत बसलो होतो. मला मध्ये बोलायचं काहीच कारण नव्हतं. पण मांडीएवढा माल पलीकडे पडलेला आणि खांड इकडे उघडी, हे माझ्या पोटात मावेना. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, आमच्याकडे असं करतात, घरटी एक माणूस. मंजुरी लागत नाही, कारण कुणी कुणाचं काम करत नसतो, जो तो आपलं घर राखत असतो. गाव करी ते राव न करी. म्हण हिंदीत नीट उतरली नाही. तरी बिमलाजींनी लगेच ओळखलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आरोळी कोण देतं?"

मी म्हटलं, "ज्याला खांड पहिल्यांदा दिसते तो."

"मला दिसली," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर बेचाळीस माणसं उभी होती. मी मोजली नाहीत, बिमलाजींनीच हजेरी घेतली. एका घरातून सून बाळंतीण म्हणून सासू आली होती. पाठीला शंकूसारख्या टोपल्या, हातात गवत कापायचे विळे, फावडी, एकाकडे तर पत्र्याचं ताट. दुपारपर्यंत त्यांनी टोपल्याच्या टोपल्या बर्फ आणून त्या पट्ट्याच्या मध्यभागी ओतला, आणि दुपारच्या उन्हाने तो सगळा खाऊन टाकला. तिथे काळं पाणी उरलं. माणसं टोपल्या उपड्या टाकून बसली. माझा जीव तुटला. ही चूक माझ्या ओळखीची होती, आमच्याकडेही नवखा माणूस चिखल असाच खांडीच्या मधोमध फेकतो आणि पाणी तो घेऊन जातं. मला बाबांनी त्यासाठी कानाखाली दिलेली होती. मी उठलो आणि हिंदी विसरून सरळ ओरडलो, "मधी नको! काठानं या! दोनी काठानं!"

शब्द कुणाला कळला नाही, हात कळले. मग आम्ही जोळीसारखं केलं. सैल बर्फ वाहायचा नाही. घळीत घट्ट बर्फाच्या ढेपा कापायच्या, चिखलाच्या कापतात तशा, आणि माणसांची रांग लावून हातोहात पुढे द्यायच्या. खालच्या काठाने एक रांग, वरच्या काठाने एक. ढेप ठेवायची, पायाने तुडवायची, मग पुढची. वीत वीत करत दोन्ही काठ जवळ आणायचे. खालून पाझरणाऱ्या पाण्यासाठी आधी देवदाराच्या फांद्या आडव्या अंथरल्या, ती युक्ती बिमलाजींची. तुडवायला सगळ्यांना मजा येत होती. बायका गाणं म्हणत तुडवत होत्या आणि मला वाटलं आपण खाडीत उतरलोय, फक्त पाय का गोठलेत ते कळत नाही. रात्रीच्या गारठ्याने ते तुडवलेलं सकाळी दगडासारखं झालं. तिसऱ्या दिवशी शेवटची ढेप बसली. त्या माणसांकडे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी घरी कधी सांगितलं नाही.

नेगीसाहेबांनी पायाला पट्ट्या बांधल्या. माझ्या दोराला धरून वर गेले आणि वरून जे सुटले ते त्या सांध्यावरून सर्रकन खाली आले. बिमलाजी सांध्याच्या कडेलाच उभ्या होत्या. साहेब पार झाले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाकून सांध्यावर मूठ आपटून पाहिली.

समिती आली, तिने उतार पाहिला, चहा घेतला आणि तांत्रिक तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. दोराचं सगळं भरून झालं. खाली एक ओळ होती, 'नैसर्गिक बर्फ', आणि तिच्यापुढे दोन चौकोन. एक 'पुरेसा', दुसरा 'अपुरा'. मी नेगीसाहेबांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "अपुरा लिहिलंत तर आजच बंद करतील." मी 'पुरेसा'वर खूण केली आणि सही ठोकली. चौकोन दोनच होते. तिसरा हाताने पाडावा, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी तेव्हा माझी छाती झाली असती का, कुणास ठाऊक.

बाहेर बिमलाजींनी विचारलं, "आमचं लिहिलंस ना? गावाने बांधलं म्हणून?"

मी म्हणालो, "लिहिलं."

त्या एका शब्दाचं ओझं मी आजवर वागवलंय. हंगाम चालला, पोरं घसरली, पाहुणे आले, गावात जेवणं झाली, मला दोनदा हात धरून जेवायला नेलं. प्रत्येक घासाला तो शब्द आडवा यायचा. पुढच्या वर्षी नेगीसाहेबांचा फोन आला. बर्फ आणखी कमी होता. बिमलाजींनी उन्हाळ्यातच अर्ज दिला होता, घळीत वाऱ्याला अडवणारी एक फळ्यांची भिंत द्या, पडलेला बर्फ झाकायला भुसा द्या, वाहायचं आम्ही बघतो. उत्तर आलं की मागील हंगामात नैसर्गिक बर्फ पुरेसा होता, सबब आवश्यकता नाही. खाली आधार म्हणून माझ्या सहीचा कागद जोडला होता. त्याच्या पुढच्या वर्षी यंत्र हलवायचं ठरलं आणि ते उतरवायला ठेकेदाराने पाठवलं मलाच. जे बोल्ट मी आवळले होते ते मीच सैल केले. बिमलाजींनी चहा आणून दिला. कप हातात देताना एवढंच म्हणाल्या, "तू तर लिहिलं होतंस ना?"

नीट लिहिलं असतं तर यंत्र वाचलंच असतं, असं मी म्हणत नाही. डोंगर तापत चाललाय, ढेपा वाहून तो गार होत नाही. पण ज्यांनी तीन दिवस बर्फ वाहिला त्यांना विचारून ते हललं असतं. माणसं कागदावर असती तर त्यांना बाजूला सारायला कुणाला तरी निदान एक ओळ लिहावी लागली असती.

हे सगळं मी, गावी पोहोचलो त्याच रात्री, समाजमंदिरात जमलेल्या माणसांना सांगितलं. सांगायला गेलो नव्हतो, सांगावं लागलं. बायचा मुलगा नीलेश ग्रामपंचायतीत सदस्य आहे, कंपनीत शिफ्ट करतो, शहाणा आहे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, रागवू नका. आपन खांड बांधली तर सरकार कशाला बांधंल? आपन चिखल मारला, नि साहेब आला, त त्याला बांध उभाच दिसंल. कागदावर चांगला बांध. पक्का बांध मंग कवा व्हनार? यंदा फुटूं दे. फुटला की डोले उघरतील त्यांचे."

त्याचं चुकत नव्हतं, हीच अडचण होती. पोरांनी माना डोलावल्या. मागून बाय कडाडली, "डोले त्यांचे उघरतील, नि शेत कुनाचा जाईल रं? तुझ्या आयचा!"

"म्हणूनच सांगतो," मी म्हटलं, आणि मग तो हिवाळा सांगितला, दोन चौकोनांसकट, त्या एका खोट्या शब्दासकट. बायसमोर आपलं खोटं कबूल करणं सोपं नसतं. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "नीलेश म्हणतो ते खरं. गुपचूप बांधलं तर आपण आपल्याच हाताने खांड लपवतो. पण न बांधता बसलो तर पुनवेला शेत जाईल. तेव्हा बांधायची, पण दाखवून. बांध ज्यांच्या ताब्यात आहेत त्या खात्याच्या मॅडमना फोन लाव. दोन्ही काठांनी बांधत आणू, मधली जागा उघडी ठेवू. त्यांनी डोळ्यांनी बघायचं, लिहायचं, मगच शेवटची ढेप."

"आनि मॅडम नाय आल्या त?"

"तरी बांधायची. पण आधी बोलावू."

नीलेश फोन काढून बाहेर गेला. परत येताना त्याच्या हातात पडवीतलं गंजकं फावडं होतं.

पहिल्या दिवशी अकरा माणसं आली. दुसऱ्या दिवशी तीस. तिसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं. कंपनीतली पोरं रात्रपाळी करून थेट चिखलात उतरत होती. एकाने हातमोजे घातले होते, त्याला बायांनी दिवसभर 'डॉक्टर' म्हणून छळलं. पोरांना ढेप कापता येत नव्हती, पहिल्या पन्नास-साठ ढेपा हातातच विरघळल्या. म्हाताऱ्यांची मात्र चंगळ होती. कितीतरी वर्षांनी त्यांना कुणी काहीतरी विचारत होतं. माझे गुडघे संध्याकाळी वाकत नव्हते, बाय तेल चोळताना म्हणायची, "फिटर ना तू? तुझे बोल्ट कोन आवळनार?" आणि मॅडम काही येत नव्हत्या. फोनवर म्हणायच्या, बघते, दुसऱ्या पाहणीवर आहे.

चतुर्दशीच्या सकाळी दोन्ही काठ जवळ आले होते. मध्ये दोन हातांची जागा. ओहोटी संपून पाणी वळलं. भरती बाराच्या सुमाराला. नऊ वाजले, पाणी बांधाच्या पायाशी आलं. शेवटच्या ढेपा कापून फळीवर रचून ठेवल्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. साडेनऊला पाण्याची पहिली जीभ त्या जागेतून आत गेली, बायच्या शेताकडे. बायने साडी खोचली. मी मनात म्हटलं, आणखी पाच मिनिटं, मग कागद गेला खड्ड्यात.

तेवढ्यात बांधावरून स्कूटी आली. मॅडम तरुण होत्या, हेल्मेट न काढताच धावत आल्या. त्यांनी त्या जागेतून आत जाणारं पाणी पाहिलं, दोन्ही बाजूंचा ओला, नवा बांध पाहिला, चिखलाने माखलेली माणसं पाहिली. फोटो काढले. मग पाहणीचा कागद काढला आणि पेन हातात घेऊन थांबल्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. 'बंदिस्तीची स्थिती.' बंदिस्ती म्हणजे कागदावरचा आमचा बांध. दोन चौकोन. 'सुस्थितीत' आणि 'नादुरुस्त'.

मी हसलोच. मॅडमना ते आवडलं नसावं. म्हणाल्या, "काका, अर्ध्या तासात हा बांध उभा राहणार. मी नादुरुस्त लिहू की सुस्थितीत?"

"दोन्ही खोटं होईल," मी म्हटलं. "तिसरा चौकोन पाडा."

"तसा रकाना नाहीये."

"माहीत आहे. म्हणून तर पाडा म्हणतोय."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग कागद स्कूटीच्या सीटवर ठेवून, नीट, पट्टी नसताना सरळ, हाताने एक चौकोन काढला आणि पुढे लिहिलं, 'नादुरुस्त होती. ग्रामस्थांनी घरटी एक माणूस येऊन तात्पुरती बांधली. पक्की दुरुस्ती तातडीने आवश्यक.' खाली सही. मग म्हणाल्या, "हजर असलेल्यांची नावं सांगा."

बाय पुढे आली. "माजा पयला लिवा. शेत माजा हाय." नाव लिहून झाल्यावर तिने कागद मागून घेतला. ती चौथीपर्यंत शिकली आहे. चिखलाचं बोट कागदाला लागू न देता, हवेतूनच अक्षरांवर फिरवत ती वाचत गेली. आपल्या नावाशी थांबली. "हाय," ती म्हणाली. कागद परत केला आणि माझ्याकडे वळली, "आता बगत काय बसलास? ढेप दे!"

दुपारचं उधाण माथ्याच्या खाली चार बोटं थांबलं. रात्रीचं त्याहून मोठं असतं. मी वरसेला परतलो होतो, तिथे पौर्णिमेनंतरच्या सकाळी बायचा फोन आला, ख्यालीखुशाली नाही, एक शब्द, "टिकला." पंखा चालूच होता. पक्का बांध होईल का, मला ठाऊक नाही. पण नीलेशने त्या कागदाची नक्कल सगळ्यांना वाटली आहे, दर सोमवारी तो खात्यात जाऊन बसतो, आणि घराघरातली फावडी घासून, धार लावून दाराशी ठेवली आहेत.

मी त्या कागदाचा फोटो काढून नेगीसाहेबांना पाठवला. ते आता निवृत्त आहेत, त्याच डोंगराखाली राहतात. खाली लिहिलं, 'बिमलाजींना दाखवा. त्यांना सांगा, तेव्हा मी लिहिलं नव्हतं. खोटं बोललो होतो. या वेळी लिहिलं.'

दोन दिवसांनी उत्तर आलं. बिमलाजींनी नेगीसाहेबांकडून लिहवून घेतलं होतं. 'ते मला त्याच दिवशी तुझ्या तोंडावरून कळलं होतं. ते राहू दे. पाणी थांबलं का?'

मी लिहिलं, 'थांबलंय. पुढच्या उधाणाला मी बांधावरच असेन.'

मग उठलो आणि पिशवीतून अजून न धुतलेले ते दोन शर्ट काढून बादलीत टाकले. अमावास्येला परत लागणार होते.